भुंग्या, बिल्ड थांबव

३ डिसेंबर

भुंग्या,

'प्रिय' लिहू की नको, यावरच चहा निवला, म्हणून नुसतंच भुंग्या. खरं नाव पाकिटावर आहे, तेवढं पुरे. कागदावर लिहितेय कारण तुझा जुना नंबर आता दुसऱ्याच कुणा बाईंचा झालाय. भल्या आहेत बिचाऱ्या, दोनदा माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या की मी तुमचा भाऊ नाही हो. माझ्या मेल तुझ्याकडे कुठल्या खड्ड्यात जातात ते तुलाच ठाऊक. तुझ्या परदेशातल्या ऑफिसचा पत्ता तेवढा हाती लागला.

काम आहे म्हणून लिहितेय. काम नसतं तर लिहिलं नसतं, तुझ्याशी कशाला खोटं बोलू.

धाकटी आता कारखान्याबाहेर पडली. तू गेलास तेव्हा ती टेबलावर पोट उघडं टाकून पडलेली होती. आता लहान लहान दवाखान्यांत आहे, जिथे थोरली खोलीत मावत नाही तिथे. श्वास थोरलीइतकाच देते, जागा निम्मी घेते, आणि अलार्म तिच्यापेक्षा मोठ्याने वाजवते. बाबांनी दोन्ही श्वासयंत्रांना नावं मुलींची दिली आणि मुलगी मात्र मॅन्युअल लिहायला बसवली, हा विनोद तुझाच होता.

परवा डोंगरातल्या एका दवाखान्यातून नर्सचा फोन आला. दुपारची पाळी, डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले, वॉर्डात ती एकटी. धाकटीवर एक ट्रकड्रायव्हर होता, छाती पार भरलेली. अलार्म वाजला, 'नळीत पाणी'. तिने स्क्रीनवरचं मदतीचं बटण दाबलं तर समोर कोरी पाटी आणि खाली एक ओळ: या अलार्मसाठी पान उपलब्ध नाही.

ते पान मी लिहिलंय. पाच ओळींचं आहे, झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. नळी खाली धरा, बाटली रिकामी करा, झाकण घट्ट लावा, अलार्म बंद करा, आणि हे सगळं होईपर्यंत रुग्णाला हाताच्या फुग्याने श्वास द्या. त्या पोरीने फक्त फुगा तेवढा आठवणीने घेतला आणि डॉक्टर येईपर्यंत दाबत राहिली. ड्रायव्हर वाचला. मला म्हणाली, "ताई, पान नव्हतं. मी नीट बघितलं. इथे सगळे म्हणतायत की घाबरून भलतंच बटण दाबलं असशील."

मी फोल्डर उघडलं. पान आहे. जिथे ठेवलं होतं तिथेच आहे.

मला कळतं तेवढं सांगते, हसू नकोस. मी पानं फोल्डरमध्ये टाकते, बटण दाबते, आणि तुझं ते बिल्ड सगळी पानं गोळा करून यंत्रात भरायचं गाठोडं बांधतं. बांधून झालं की हिरवी खूण येते. त्या दिवशीही हिरवी खूण आली होती. मी बघितली, खूश झाले आणि जेवायला गेले. पण हे पान गाठोड्यात गेलंच नाही. नाव त्याला पसंत पडलं नाही, म्हणून बाजूला ठेवलं, आणि ताकास तूर लागू दिली नाही.

आणखी किती पानं अशी बाहेर राहिलीत मला माहीत नाही. थंडी वाढतेय, छातीचे रुग्ण वाढतायत, आणि बाहेरच्या प्रत्येक धाकटीत कुठलं तरी पान नसणार. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

तुझ्याकडून एकच हवंय. पानाचं नाव नियमात बसत नसेल तर बिल्डने थांबावं. लाल व्हावं, ओरडावं, गाठोडं बांधायला साफ नकार द्यावा. मी बाहेरून पानं टाकू शकते आणि बटण दाबू शकते, आत हात घालू शकत नाही. कुलूप तुझं आहे आणि किल्ली तुझ्या डोक्यात आहे. जाताना पाकिटात घालून टेबलावर ठेवली होतीस ना, ते पाकीट बाबांनी तुझ्या मागोमाग भट्टीत टाकलं.

बाबा ठणठणीत आहेत. रोज येतात, सगळ्यांवर ओरडतात.

ताई


१४ डिसेंबर

भुंग्या,

कुरियरवाल्याने पावती दाखवली. सही तुझीच आहे, शेवटी शेपूट काढतोस ती. म्हणजे पत्र पोचलं, वाचलंस, आणि मूग गिळून बसलास.

ठीक आहे. माझ्यावर राग असेल तर तो असू दे. बाबांपुढे मी तुझ्या बाजूने बोलले होते, तू तेव्हा जिना उतरून गेला होतास म्हणून ऐकलं नाहीस. पण त्या नर्सने तुझं काय वाकडं केलंय?

हात जोडून झाले की हातपाय हलवायचे, म्हणून मी एक प्रोग्रामर बोलावला. चष्म्यावरून बघणारा. त्याने अर्धा दिवस तुझ्या कुलपाभोवती प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, ज्याने हे बांधलंय त्याला बोलवा. मी म्हटलं, तोच तर येत नाही. मग म्हणाला, सगळं नव्याने उभं करावं लागेल, आणि यंत्रं फक्त जुन्या किल्लीचा शिक्का असलेलं गाठोडंच घेतात, तेव्हा प्रत्येक यंत्र कारखान्यात परत आणावं लागेल. प्रत्येक यंत्राखाली माणूस आहे, मी म्हटलं. त्याने बोटांवर महिने मोजले. उन्हाळ्यापर्यंत होईल म्हणाला.

तेव्हा मी अंदाजाने नावं बदलायला लागले. मी पानांना नावं कशी देते माहीत आहे ना? आधी अलार्म, मग यंत्र. 'नळीत-पाणी-धाकटी'. नर्स आधी यंत्राचं नाव थोडीच वाचते, आधी अलार्म ऐकते, त्याच क्रमाने मी लिहिलं. तू होतास तेव्हा मी नुसती पानं लिहायचे, फोल्डरमध्ये टाकायचास तू, नावं द्यायचास तू. तुझ्यानंतर हे बारसं माझ्याकडे आलं. थोरलीची जुनी पानं शाबूत आहेत. धाकटीची जी पानं मी थोरलीवरून उचलून आणली तीही बरीचशी आलीत. जी नव्याने लिहिली ती गेली. असं का, ते कळत नाही.

नाव बदलायचं, बटण दाबायचं, हिरवी खूण बघायची, आणि ते गाठोडं एका धाकटीत भरून पान आलं का बघायचं. हिरव्या खुणेचं तोंड बघायची आता इच्छा होत नाही. काहीही टाक, हिरवी. परवा चिडून 'माझं-डोकं-फिरलंय' नावाचं कोरं पान टाकलं, तरी हिरवी.

जवळ एकच धाकटी आहे, बाकी सगळ्या थंडीमुळे बाहेर गेल्यात, कारखान्यात दाखवायलासुद्धा उरली नाही. ही चालू असते. त्यामुळे भराभर बघता येत नाही. मदतीचं पान उघडलं की श्वासाचा आकडा त्याच्याखाली झाकला जातो, तेव्हा एक पान बघायचं, बंद करायचं, आकडा बघायचा, मग पुढचं. याला फार वेळ जातो.

भुंग्या, नियम काय आहे तेवढं तरी सांग. एका ओळीत सांग. शिव्या घालून सांग.

बाबा जरा दमलेत. थंडीचं चालायचंच.

ताई


२७ डिसेंबर

भुंग्या,

नियम सापडला. कुठे ते ऐक आणि बसून ऐक.

त्याच फोल्डरमध्ये, अगदी तळाशी, तुझं एक पान होतं. 'नावं-कशी-द्यावीत'. तारीख तू गेलास त्या आठवड्याची. मी आजवर उघडलं नव्हतं, कारण मला आपली सवय यंत्राच्या स्क्रीनवर वाचायची, आणि स्क्रीनवर ते कधी आलंच नाही. तू लिहिलंयस: आधी यंत्राचं नाव, मग अलार्मचं. थोरलीने सुरू होणारी पानं थोरलीत जातील, धाकटीने सुरू होणारी धाकटीत. बाकीची कुठेच जाणार नाहीत आणि बिल्ड काही बोलणार नाही. बोलायला हवं होतं, पण बाबांनी मला तसं करू दिलं नाही, असंही लिहिलंयस.

आणि हे पान ना थोरलीने सुरू होतं, ना धाकटीने. म्हणून तुझ्याच बिल्डने तुझंच पान बाजूला ठेवून दिलं आणि हिरवी खूण दाखवली. अरे गाढवा. मी एकटी खुर्चीत बसून इतकी हसले की आयाबाई धावत आल्या. हसता हसता रडले ते त्यांना दिसलं नसावं. इतकी वर्षं मी समजत होते की तू कुणाला काही न सांगता तोंड फिरवून गेलास. तू सांगून गेला होतास. सगळं नीट, समजेल असं लिहून ठेवलं होतंस.

आयाबाई कुठून आल्या, असं विचारशील. मग आता सांगूनच टाकते.

बाबा ठणठणीत नाहीत. हिवाळा सुरू व्हायच्या आधी कारखान्यातच पडले, लेथच्या शेजारी. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि मग छातीने साथ सोडली. दवाखान्यातून घरी आणलं ते धाकटीसकट. तुझी खोली यंत्रासाठी रिकामी केली, कारण तिथे भिंतीत जाड वायरचा प्लग आहे. तुझं सामान माळ्यावर आहे, काही टाकलेलं नाही. मी ज्या एका धाकटीवर पानं तपासते म्हणून लिहिलं, ती ही. बाबांची.

लपवलं, कारण बाबांच्या नावाने बोलावलं असतं तर तू एक तर दया येऊन आला असतास, नाहीतर मुद्दाम आला नसतास. दोन्ही मला नको होतं. बिल्ड थांबवणं योग्य आहे म्हणून तू ते थांबवावंस, असं मला वाटत होतं. आता तेवढा मान ठेवायची ताकद माझ्यात उरली नाही. काय कारणाने करायचं त्या कारणाने कर.

तपासायची पद्धत सांगते. डावा हात बाबांच्या छातीवर ठेवायचा. उजव्या हाताने पान उघडायचं. आकडा झाकला गेला की हाताला छाती वर येताना लागली पाहिजे. लागली की पान वाचायचं, बंद करायचं, पुढचं. बाबा माझ्याकडे बघत असतात. त्यांना सगळं समजतं, डोळे पूर्वीसारखेच आहेत, कामात चूक शोधणारे.

म्हणून मी त्यांना विचारलं. तुमच्यात भांडण झालं ते यावरूनच ना. तू म्हणालास की चुकीचं पान असेल तर बिल्ड थांबलं पाहिजे, आणि ते म्हणाले, "एका कागदासाठी माझं यंत्र अडवून ठेवणार? तिकडे माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि तू इकडे नाव तपासणार?" सगळ्या कामगारांसमोर म्हणाले. मी आता त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, भुंग्याला सांगू का, थांबव म्हणून?" त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तुला खूश करायला खोटं लिहिता आलं असतं. पण ते नाही म्हणाले.

तरी कर.

मी सगळी नावं बदललीत. एकूण एक, आधी यंत्र मग अलार्म, बसून, ओठ हलवत, मोठ्याने वाचत. गाठोडं सगळ्या दवाखान्यांत पाठवलं. बाबांच्या धाकटीवर बरीचशी पानं पाहिली, आलीत. उरलेली बघून झाली की कळवते.

त्या नर्सलाही फोन करून सांगितलं की आता पानं आलीत. ती म्हणाली, "नक्की ना ताई?" मी म्हटलं, नक्की.

ताई


९ जानेवारी

भुंग्या,

एक बाई गेल्या. त्याच दवाखान्यात, त्याच धाकटीवर. शिवणकाम करायच्या. दोन मुली आहेत, मोठी सासरहून आली होती, ती खोलीत उभी होती.

अलार्म होता 'हवा परत येत नाही'. नर्सने बटण दाबलं. पान उपलब्ध नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तिने पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मी नक्की म्हटलं होतं ना. पहिल्या वेळी तिने बटणाचा नाद सोडून सरळ फुगा हातात घेतला होता. या वेळी पान शोधत बसली.

ती फोनवर रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "ताई, पान नव्हतं." मागच्या वेळी म्हणाली होती तसंच. डॉक्टर म्हणाले, बाई तशाही वाचल्या नसत्या, फुप्फुसं पार गेली होती. मी ते ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे मला ते पटलं असं नाही.

मी फोल्डर उघडलं. पान आहे. नाव बरोबर आहे. धाकटी आधी, अलार्म मग. बोट ठेवून वाचलं, अक्षर न् अक्षर बरोबर. मी तासभर त्याच्याकडे बघत बसले, मला वेड लागतंय असं वाटलं. मग लक्षात आलं की ते पान यादीत आपल्या बाकीच्या बहिणींपासून लांब, सगळ्यात वर एकटं बसलंय. नावाच्या आधी एक मोकळी जागा होती. नुसती मोकळी जागा, अंगठा लागला असेल. ती दिसत नाही, भुंग्या. कागदावर दिसत नाही, स्क्रीनवर दिसत नाही, मोठ्याने वाचलं तर ऐकू येत नाही. पण बिल्डला ती दिसली. त्याने बघितलं की हे नाव धाकटीने सुरू होत नाही, आणि पान बाजूला ठेवलं, आणि मला काही सांगितलं नाही.

आणि मी ते बाबांच्या यंत्रावर का बघितलं नाही? उरलेली बघते म्हणून लिहिलं होतं. मागच्या पत्रात तुला सांगितलं नाही, ते हे. पानं बघता बघता मधेच माझ्या डाव्या हाताला छाती वर येताना लागेना. पान उघडं होतं, आकडा खाली झाकलेला. मी पान बंद केलं तेव्हा आकडा कुठल्या कुठे गेला होता. नळी मानेखाली दुमडली होती, मी ती सरळ केली, छाती पुन्हा वर आली. मला मॅन्युअल लागत नाही, मॅन्युअल मीच आहे. पण त्यानंतर मदतीच्या बटणाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. रोज म्हणायचे, उद्या. ते पान उरलेल्यांत होतं.

म्हणजे बाबांचा श्वास वाचवायला मी पानं बघणं सोडलं, आणि तिकडे त्या बाई गेल्या. यात मी दुसरं काय करायला हवं होतं, ते मला कुणी सांगत नाही. तू सांग. तू नेहमी म्हणायचास की जे काम डोळ्यांनी करायचं ते माणूस कधी ना कधी चुकणारच, त्यात माणसाचा दोष नाही, ते काम माणसाला दिलं हाच दोष. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटायचं आणि तुझा रागही यायचा.

मी माफी मागत नाही आणि तुला मागायला लावत नाही. ज्याची त्याची माफी मागायची वेळ नंतर येईल. पाया पडते, हे कर:

कुठलंही पान, ज्याचं नाव थोरलीने किंवा धाकटीने सुरू होत नाही, ते दिसलं की थांब. नुसतं वगळू नकोस, थांब. नावाच्या आधी, मधे, नंतर मोकळी जागा असेल तर थांब. आणि प्रत्येक यंत्र जेवढे अलार्म वाजवू शकतं, तेवढ्यांना पान आहे की नाही ते मोज, नसेल तर थांब. थांबलास की कुठलं पान, काय चुकलं, ते स्पष्ट लिही. मी काय लिहितेय ते मला कळतं, तू हसू नकोस. मला आता हिरवी खूण फुकटात नको आहे.

नर्सने धाकटी बंद करून कोपऱ्यात ठेवलीय. पण वॉर्डात आणखी एक म्हातारे आलेत, त्यांना लागेल म्हणतात. ती मला विचारत होती, चालू करू का. मी थोडं थांबा, एवढंच म्हटलं. किती थांबायचं ते मला माहीत नाही.

ताई


२० जानेवारी

भुंग्या,

आज लाल आलं.

दुपारी कपडे वाळत टाकून आले, लॅपटॉप उघडला, सवयीने बटण दाबलं आणि पाणी प्यायला उठले. परत येते तर स्क्रीन लाल. आधी वाटलं यंत्र बिघडलं. एवढ्या वर्षांत मी तिथे लाल कधी बघितलंच नव्हतं. मग वाचलं.

तुझं तुला माहीतच आहे, पण मला लिहायचंय. 'थांबवलंय. या पानाचं नाव कुठल्याच यंत्राने सुरू होत नाही: माझं-डोकं-फिरलंय.' हे वाचून मी खाली जमिनीवरच बसले. (तुझं ते 'नावं-कशी-द्यावीत' तेवढं तू आधीच फोल्डरमधून काढून घेतलंस, बघितलं मी.) पुढे, 'या पानाच्या नावाच्या शेवटी मोकळी जागा आहे: धाकटी-नळी-सुटली.' भुंग्या, त्या बाई गेल्यावर मी सगळी नावं दोनदा बघितली होती. भिंग घेऊन बघितली होती. आणि शेवटी, 'या अलार्मला पानच नाही: धाकटी, बॅटरी संपत आली.'

ते पान खरोखरच नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. थोरलीला बॅटरी नाही, म्हणून तिचं पान नव्हतं, म्हणून उचलून आणायला काही नव्हतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. धाकटी बाहेर पडली त्या दिवसापासून हे पान नाही, आणि डोंगरात वीज जाते.

मी तिथेच, जमिनीवर बसून, ते पान लिहिलं. सात ओळी झाल्या. नाव दिलं, बाकीची दुरुस्त केली, बटण दाबलं. पुन्हा लाल: नव्या पानाच्या नावात मी घाईत मधे मोकळी जागा सोडली होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कुणीतरी माझ्या मागे उभं राहून बघतंय असं वाटलं, जे तू गेल्यापासून वाटलं नव्हतं. ती जागा काढली. हिरवी खूण आली. या वेळी तिच्याकडे बघून जेवायला नाही गेले, गाठोडं पाठवलं आणि नर्सला फोन लावला.

तिने कोपऱ्यातली धाकटी प्लगला लावली, अजून कुणाला न जोडता. मी तिला एकेक अलार्म सांगितला, तिने एकेक पान उघडून मला फोनवर वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सगळी पानं. 'हवा परत येत नाही' हे पान वाचताना ती मधे थांबली. मग तिने ते पूर्ण वाचलं आणि पुढचं उघडलं. शेवटी म्हणाली, "आता आजोबांना लावते." संध्याकाळी पुन्हा फोन आला, लावलं, ठीक आहेत, झोपलेत.

लॅपटॉप मी बाबांसमोर धरला, लाल झालेलं पान पुन्हा उघडून. म्हटलं, "हे भुंग्याने केलं. अडवून ठेवलं होतं त्याने." त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. वाचलं असावं, डोळे ओळीवरून सरकत होते. मान हलवली नाही. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला वाटलं तसं तुला सांगत नाही, दिसलं तेवढं सांगते.

डॉक्टर काल येऊन गेले. फार दिवस काढणार नाहीत, असं म्हणाले, दारात उभं राहून, हळू आवाजात. बाबांनी ऐकलं असणार. कान अजून तिखट आहेत.

त्या लाल पानाच्या अगदी खाली, सगळ्या चुकांच्या नंतर, तू आणखी एक ओळ टाकलीयस. मी ती आधी वाचलीच नव्हती, चुका दुरुस्त करायच्या नादात. 'ताई, अडलं तर फोन कर.' आणि पुढे नंबर.

तुझ्याकडे आत्ता पहाट असेल. तू उठेपर्यंत थांबतेय आणि हात स्वस्थ बसत नाही म्हणून लिहितेय. हे पत्र पोचेल तेव्हा फोन कधीच होऊन गेलेला असेल, तरी कुरियरवाल्याला देईन. त्याला आता माझी सवय झालीय.

मी तुझ्या खोलीत, बाबांच्या उशाशी बसलेय. फोन लावला की आधी मी बोलेन, मग तो त्यांच्या कानाशी धरीन. ते बोलणार नाहीत, तू दचकू नकोस. तुला फक्त यंत्राचा आवाज येईल, आत, बाहेर, आत, बाहेर, आणि तो आवाज तू माझ्यापेक्षा चांगला ओळखतोस. काय बोलावं सुचलं नाही तर बिल्ड कसं थांबवलंस ते सांग. सविस्तर सांग, त्यांना घाई नाही. मी हात छातीवर ठेवून बसेन.

चल, तुझी सकाळ झाली असेल. लावते.

ताई